मोठ्या मत्स्यपेटीची घडवंची

घरात रंगीत मासे पाळण्याचा छंद लहानशा काचपात्रापासून सुरू होतो आणि बहुधा तेथे थांबत नाही. कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार असो की चेन्नईतील कोळत्तूरची मत्स्यपैदास असो, तेथे जाणाऱ्या हौशी माणसाची नजर हळूहळू मोठ्या पेटीकडे वळते. पेटी मोठी होते तेव्हा तिच्या लांबीरुंदीपेक्षा तिचे वजन पुष्कळच अधिक वेगाने वाढते, ही गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात क्वचितच येते. ६० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद आणि तितक्याच उंच अशा पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. तिन्ही मापे दुप्पट केली की पाणी दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणजे ४३२ लिटर. लहान पेटी ज्या टेबलावर सुखाने नांदली, त्याच टेबलावर मोठी ठेवण्याचा मोह म्हणूनच धोक्याचा आहे.

आपण चर्चेसाठी घरोघरी दिसणारी चार फुटी पेटी घेऊ. तिची लांबी १२० सेंमी., रुंदी व उंची प्रत्येकी ४५ सेंमी. आणि काचेची जाडी १० मिमी. आहे असे धरू. काच पाण्याच्या अडीचपट जड असते, त्यामुळे रिकामी पेटीच सुमारे ५० किग्रॅ. भरते. तळाशी ५ सेंमी. जाडीचा वाळूखड्यांचा थर दिला तर त्याचे ४० किग्रॅ. होतात. वर चार-पाच सेंमी. जागा मोकळी सोडून पाणी भरले तर ते सुमारे १९० लिटर, म्हणजेच १९० किग्रॅ. लागते. शोभेचे दगड, झाकण, दिवा, गाळणयंत्र मिळून आणखी २० किग्रॅ. सोडले तर बेरीज ३०० किग्रॅ. येते. १९० लिटर पाणी म्हणजे पंधरा लिटरचे बारा-तेरा भरलेले हंडे. ते एकावर एक न रचता एकाच काचेच्या पेटीत, जमिनीपासून पाऊण मीटर उंचीवर, वर्षानुवर्षे रात्रंदिवस ठेवावयाचे आहेत. त्याच खोलीत मुले खेळणार, त्याच भिंतीवर विजेची बटणे असणार आणि खाली दुसऱ्याचे बिऱ्हाड असण्याचाही संभव आहे.

हा भार ज्यावर ठेवावयाचा त्या सांगाड्यास सर्वत्र ‘स्टँड’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘घडवंची’ हा चांगला जुना शब्द आहे. हंडे-घागरी, पेट्या-ट्रंका जिच्यावर ठेवीत ती घडवंची. आपले काम पाहता ह्याहून योग्य शब्द सापडणे कठीण, म्हणून पुढे तोच वापरला आहे.

पूर्वीच्या पेट्या घडवंचीच्या बाबतीत पुष्कळच सोशिक होत्या. फिलिप हेन्री गॉस ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली ह्या विषयावर पुस्तक लिहिले; त्यानंतर सुमारे शंभर वर्षे मोठ्या पेट्या बहुधा धातूच्या चौकटीत काचा बसवून व फटी लुकणाने बुजवून करीत असत. चौकट स्वतःच भार पेलीत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकोन ह्या चिकट पदार्थाने काचेस काच जोडण्याची रीत रूढ झाली आणि चौकट गेली. आता काचेचा तळ सरळ घडवंचीवर टेकतो. घडवंचीचा दोष पूर्वी चौकट सोशीत असे, तो आता काचेला सोसावा लागतो. आणि काच सोसत नाही, ती तडकते.

घडवंची मजबूत करावयाची म्हटले की बहुतेक लोक जाड खांबांचा विचार करतात. हा विचार कितपत बरोबर आहे ते आकड्यांनीच तपासू. वाळलेल्या सागवानाचा तुकडा उभ्या रेषांच्या दिशेने दाबला तर तो चिरडण्यास दर चौ. सेंमी.ला ४०० किग्रॅ.च्या आसपास दाब लागतो. ५ सेंमी. चौरस खांबाचे छेदक्षेत्र २५ चौ. सेंमी. असते. असा एकच खांब तत्त्वतः १०,००० किग्रॅ. भार झेलील. लाकडातील गाठी, भेगा इत्यादी दोषांसाठी ह्याचा दहावा हिस्साच खरा मानला तरी १,००० किग्रॅ. उरतात, आणि आपल्या चार खांबांपैकी प्रत्येकावर येणारा भार फक्त ७५ किग्रॅ. आहे. लांब बारीक काठी दाबली असता मध्ये वाकून मोडते, तशी भीतीही येथे नाही. पाऊण मीटर उंचीचा तोच खांब तशा रीतीने वाकण्यास हजारो किलोग्रॅम लागतील. सारांश, खांब चिरडून किंवा वाकून घडवंची कोसळत नाही. ती कोसळते सांध्यांत. खांब दुप्पट जाड करून सांधे तसेच ठेवणारा मनुष्य आपला पैसा नको तेथे खर्च करीत असतो.

सांध्यातील पहिला प्रश्न असा की वरचा भार खाली जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो? समजा, पेटीच्या कडांखाली येणाऱ्या दोन लांब आडव्या पट्ट्या आपण खांबांच्या बाजूस टेकवून स्क्रूंनी आवळल्या. बाहेरून हे काम नेटके दिसते. पण पट्टी खांबावर टेकलेली नसून स्क्रूवर टांगलेली आहे. ३०० किग्रॅ.चा सगळा भार आठ-दहा स्क्रूंच्या बारीक दांड्यांतून खांबात उतरतो. दांडी पोलादाची असल्याने ती सहसा तुटत नाही. पण तिच्याभोवतीचे लाकूड दबत जाते. पावसाळ्यात लाकूड आडव्या दिशेने फुगते, उन्हाळ्यात आकसते, भोक सैल होते आणि पट्टी दर वर्षी थोडी खाली बसते. चारही कोपरे सारखे बसतील असा भरवसा कोणी द्यावा?

ह्यावर उपाय साधा आहे. आडवी पट्टी खांबाच्या डोक्यावर बसवावी, किंवा खांबाच्या वरच्या टोकास पट्टीच्या मापाची खाच पाडून पट्टी त्या खाचेच्या तळावर टेकवावी. मग लाकूड लाकडावर टेकते, भार सरळ खाली उतरतो आणि स्क्रूचे काम पट्टी जागची हलू न देणे एवढेच उरते. सर्व स्क्रू काढून टाकले तरी भार जागेवर राहील का, हा प्रश्न आपल्या आराखड्यास विचारून पाहावा. उत्तर नकारार्थी आले तर आराखडा बदलावा. खांबाची उभी लांबी ऋतुमानाने जवळजवळ बदलत नाही, हा ह्या रचनेचा आणखी एक लाभ. खाच पाडताना करवतीचा घाव खोल जाऊ देऊ नये आणि पट्टी व खाच ह्यांत कागद शिरेल एवढीही फट ठेवू नये. फट असली तर भार पुन्हा स्क्रूवर येतो.

आता आडव्या पट्टीचा विचार करू. तिच्या बाबतीत चिरडण्याचा नव्हे, वाकण्याचा प्रश्न आहे, आणि वाकण्याचा नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर बाक निम्मा होतो. उंची दुप्पट केली तर तो आठवा हिस्सा उरतो. ४ सेंमी. जाड व ९ सेंमी. रुंद अशी सागवानी पट्टी घ्या. ती आडवी निजवून ११५ सेंमी. अंतरावरील दोन खांबांवर ठेवली आणि तिच्यावर पेटीचा निम्मा भार, १५० किग्रॅ., सारखा पसरला तर ती मध्ये ६ मिमी. खाली जाते. तीच पट्टी उभ्या कडेवर ठेवली तर बाक सव्वा मिमी.वर येतो. लाकूड तेच, किंमत तीच, वजन तेच. १४ सेंमी. उंचीची पट्टी घेतली तर बाक तृतीयांश मिमी. एवढाच उरतो. लाकडावर भार कायम राहिला की पहिल्या दिवशीचा बाक महिन्यांमागून महिने वाढत जातो, ह्यासाठी सुरुवातीस तो जितका कमी तितके बरे. मधोमध आणखी एक खांब देणे हाही उत्तम उपाय आहे. अंतर निम्मे होताच बाक इतका घटतो की ९ सेंमी.ची पट्टीदेखील पुरून उरते.

लोखंडी अँगलविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आपल्याकडे लोहाराकडून अँगल जोडून घेण्याची रीत सर्वाधिक आहे आणि लोखंड म्हटले की माणूस निर्धास्त होतो. ४० मिमी. × ४० मिमी. × ५ मिमी. मापाचा अँगल त्याच अंतरावर, त्याच भाराखाली, दोन टोकांवर नुसता टेकवला तर तो पावणेतीन मिमी.च्या आसपास वाकतो. वर उभ्या ठेवलेल्या सागवानी पट्टीपेक्षा हा बाक दुपटीहून अधिक आहे! लोखंड लाकडाहून वीसपट ताठ खरे, पण ४० मिमी. उंचीच्या पातळ अँगलात ते असते किती? कोपरे पक्के जोडले असता हा बाक पुष्कळ कमी होतो; तरीही चार फुटी पेटीस अँगल घ्यावयाचा तर मधल्या खांबावाचून घेऊ नये. कडप्पा किंवा शहाबादी फरशीची गोष्ट निराळी. दगड दाबास बळकट आणि ताणास दुबळा असतो. वाकताना खालची बाजू ताणली जाते आणि फरशी वाकण्याचा इशाराही न देता मोडते. फरशी विटांच्या किंवा लाकडाच्या सलग आधारावर सुखाने राहील. दोन टोकांवर टेकवून मधले अंतर तिच्या भरवशावर सोडू नये.

येथवर आपण खालच्या दिशेने येणाऱ्या भाराचेच बोललो. परंतु घडवंच्या ज्या कारणाने खरोखर कोसळतात ते कारण बाजूचे आहे. आगपेटीचे बाहेरचे खोके घ्या व आतील काड्यांचा खण काढून टाका. खोके उभे धरून वरून सरळ दाबले तर ते बराच दाब सोसते. पण वरच्या कडेस बोटाने किंचित बाजूस ढकला. चौकोन तिरपा होतो आणि खोके क्षणात मिटते. आता दुसरे खोके घेऊन त्याच्या एका उघड्या तोंडावर कागदाचा तुकडा डकवा, खळ वाळू द्या आणि पुन्हा ढकला. खोके हलणार नाही. कागदास वरचा भार पेलण्याची शक्ती नाही. त्याने फक्त चौकोनास तिरपे होऊ दिले नाही. चार काड्या टोकांशी जोडून केलेला चौकोन हवा तसा कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही. घराच्या छपरातील कैची त्रिकोणांची असते ती ह्याचमुळे. जुनी खाट कुरकुरत डगमगू लागते तेव्हा तिचे खूर मोडलेले नसतात, सांधे ढिले होऊन चौकोन मोकळा झालेला असतो.

घडवंचीचा चौकोन बांधून टाकण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाठीमागे आणि दोन्ही बाजूंस प्लायवूडचा सलग तक्ता ठोकणे. ९ ते १२ मिमी. जाडीचा तक्ता पुरेसा होतो. पण तो सरस लावून, कडेकडेने दर १५ सेंमी.ला स्क्रू देऊन, वरच्या पट्टीस, खालच्या पट्टीस व खांबांस अशा चारही बाजूंनी जखडलेला असावा. चार कोपऱ्यांत चार चुका मारून लटकावलेला तक्ता शोभेचाच. तक्ता नको असेल तर कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरपी पट्टी द्यावी. समोरची बाजू कपाटाच्या दारांसाठी मोकळी ठेवावी लागते. ती उणीव भरून काढण्यास दारांच्या वरचा पट्टा चांगला रुंद ठेवावा आणि आतील कोपऱ्यांत लाकडाचे त्रिकोणी तुकडे बसवावेत. दारे स्वतः चौकोनास आधार देत नाहीत. भोके असलेल्या अँगलची, बोल्टांनी आवळलेली मांडणी कचेऱ्यांत कागदांसाठी वापरतात, तीच काही हौशी लोक मत्स्यपेटीखाली घेतात. कागदांचे गठ्ठे डचमळत नाहीत, पाणी डचमळते. कोपऱ्यांवरील त्रिकोणी पत्रे व पाठीमागील तिरप्या पट्ट्या ह्यांवाचून अशी मांडणी मत्स्यपेटीखाली कधीही घेऊ नये.

डचमळण्याची गोष्ट गंमतीची नाही. आपल्या चार फुटी पेटीतील पाणी लांबीच्या दिशेने एकदा हेलावून परत येण्यास सुमारे १.४ सेकंद घेते. ढिली घडवंची जवळपास त्याच तालावर डुलणारी निघाली तर लहानशा धक्क्यानेही हेलकावे वाढत जातात. शिवाय पेटी उंचावर आहे. घडवंची ७५ सेंमी. उंच असेल तर सगळ्या भाराचे केंद्र जमिनीपासून ९५ सेंमी.च्या आसपास येते, आणि पाया केवळ ४५ सेंमी. रुंद. पेटीच्या वरच्या कडेवर ५५ किग्रॅ.च्या आसपास आडवा रेटा आला तर ३०० किग्रॅ.चे हे सगळे प्रकरण पुढे कलू शकते. ठेचकाळून पडणारा प्रौढ मनुष्य एवढा रेटा सहज देतो. भूकंपात तर अख्खी जमीनच आडवी हलते; १९६७ साली कोयनेस आणि २००१ साली भुजला जे घडले त्याची आठवण असणाऱ्यांस अधिक सांगावयास नको. म्हणून घडवंचीची पाठ भिंतीस लोखंडी कोनपट्ट्यांनी बांधून टाकावी, आणि बसून मासे पाहावयाचे असतील तर उंची ६० सेंमी.वर आणावी.

तिसरा प्रश्न सपाटीचा. तिवई कधी डुगडुगत नाही, कारण तीन टोके कोणत्याही जमिनीवर एका पातळीत टेकतात. चार खुरांच्या वस्तूस ही सवलत नाही. एक खूर आखूड पडला की भार कर्णावरील दोन खुरांवर जातो आणि वरची चौकट पिळली जाते. रिकामे स्टूल डुगडुगते तेव्हा आपण खाली कागदाची घडी सारतो. भरलेली मत्स्यपेटी डुगडुगत नाही, तिच्या वजनाने चौकट दबते व काच तो पीळ आपल्या अंगी घेते. काचेच्या भिंती उभ्या कडेवर ठेवलेल्या उंच पट्ट्यांप्रमाणे अतिशय ताठ असतात. घडवंची मध्ये वाकली तर त्या तिच्याबरोबर वाकत नाहीत, भार टोकांवर घेतात. पीळ मात्र त्यांस सहन होत नाही. त्यामुळे एखाद्या सांध्यातून पाणी झिरपू लागते किंवा तळाची काच कोपऱ्यापासून तडकते, आणि दोष काचेस दिला जातो.

चौकट जोडताना गुण्याने कोपरे तपासावेत, दोन्ही कर्ण दोरीने मोजून सारखे करावेत आणि वरची पातळी पाणसळीने लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर पाहावी. कर्णांवर पाहण्याचा कंटाळा पुष्कळ करतात, पीळ मात्र तेथेच दिसतो. जमीन वाकडी असेल तर पाचर खुराखाली द्यावी, पेटीखाली कधीही देऊ नये. तळास चौकट नसलेल्या पेटीखाली १८ मिमी. प्लायवूडचा सलग तक्ता व त्यावर सेंटिमीटरभर जाडीचा थर्मोकोल अंथरावा, म्हणजे राहून गेलेला वाळूचा कण काचेस टोचणार नाही. तळाभोवती प्लास्टिकची चौकट असलेल्या पेट्या केवळ कडांवर उभ्या राहतात. त्यांना थर्मोकोल घालू नये, तो मधल्या काचेस उगाच वर दाबतो.

पाण्याजवळची वस्तू भिजणार हे गृहीत धरावे. भुशाच्या दाबलेल्या तक्त्यांचे फर्निचर स्वस्त व देखणे असते, पण एकदा पाणी शिरले की फुगून त्याचा भुसा होतो. ते येथे सर्वथा वर्ज्य. प्लायवूड पाण्यास टिकणाऱ्या सरसाचे, भारतीय मानक ३०३ मधील उकळत्या पाण्यास तोंड देणाऱ्या प्रतीचे किंवा मानक ७१० चे घ्यावे. लाकडाच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वाधिक शिरते, तेव्हा रंगाचे दोन हात तेथे अधिक द्यावेत. कोकणासारख्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत अँगलचे जोड प्रथम गंजतात. तेथे रेड ऑक्साइडचा लेप द्यावा आणि दर वर्षी पेटीखाली वाकून पाहावे. विजेच्या तारा बटणापर्यंत सरळ न नेता खाली झोळ देऊन मग वर न्याव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळेल, बटणात शिरणार नाही.

घडवंची कितीही भक्कम असली तरी भार अखेर जमिनीवरच जातो. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात दर चौ. मीटरला सुमारे २०० किग्रॅ. चालता भार धरतात. आपली पेटी घडवंचीसह आपल्या पायाखालच्या अर्ध्या चौ. मीटरवर ह्याच्या तिप्पट दाब देते. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण तो आकडा सबंध खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे. ३ मीटर चौरस खोलीस त्या हिशेबाने १,८०० किग्रॅ. सोसावे लागतात. सुस्थितीतील काँक्रीटच्या इमारतीत अशी एक पेटी भार वाहणाऱ्या भिंतीशी किंवा तुळईवर ठेवण्यास सहसा हरकत नसते. खोलीच्या मध्यभागी, पुढे आलेल्या सज्जात, किंवा जुन्या वाड्यातील कडीपाटाच्या जमिनीवर ठेवावयाची असेल तर प्रथम जाणत्या अभियंत्यास विचारावे. कडीपाटावर पेटीची लांबी कड्यांना आडवी यावी, म्हणजे भार एकाच कडीवर न पडता चार-पाच कड्यांवर वाटला जातो, आणि खुरांखाली सलग जाड फळी द्यावी. भाड्याच्या घरात मालकाच्या संमतीविना हा खटाटोप करू नये हे वेगळे सांगावयास नको.

पेटी जागेवर ठेवली म्हणजे लगेच काठोकाठ भरू नये. प्रथम तृतीयांश पाणी भरावे. पाण्याचा पृष्ठभाग हीच सर्वांत खरी पाणसळ आहे. चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून टिपून ठेवावे. अंतरांत दोन-तीन मिमी.हून अधिक फरक असेल तर पाणी काढून खुराखालची पाचर नीट करावी. भरलेल्या पेटीखाली पाचर ठोकण्याचे धाडस करू नये. मग दोन तृतीयांश भरून एक रात्र तसेच ठेवावे, घडवंचीच्या वरच्या कोपऱ्यास हाताने हलके ढकलून पाहावे आणि पाणी हिंदकळते की सांधाच हलतो ते नीट न्याहाळावे. सांधा हलत असेल तर पाणी उपसून पाठीचा तक्ता पुन्हा जखडावा. पूर्ण भरल्यावर आठवडाभर रोज कोपऱ्यांतील अंतरे पहिल्या टिपणाशी ताडावीत. ती स्थिर राहिली, खालची फरशी कोरडी राहिली आणि कपाटाची दारे पूर्वीसारखीच न अडखळता लागली, म्हणजे मासे आणण्यास निघावे.